मशीन बोअरच्या पाण्यावर चालते, म्हणून ते पाणी मशीनला चांगलं असं नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, समजण्यात काही चुकलं असेल तर लगेच सांगा. गाव दर्यापूरकडचं. घरच्या टाकीत बोअरचं पाणी पडतं अन् नळ आला की त्याच टाकीत शहानूरच्या योजनेचं पाणीपण पडतं. किचनमध्ये साधा घरगुती आरओ. पुण्याहून सेकंडहँड एस्प्रेसो मशीन आणली, हीट एक्स्चेंजरवाली, तांब्याचा बॉयलर, पाणी मागच्या डब्यात ओतायचं. नळाच्या दिवशी आरओ १५ टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा आकडा) दाखवतो आणि नेमकी तेव्हाच मशीन पाणी घेतच राहते, वाफेच्या दांडीतून वाफेऐवजी पाणी थुंकते. बोअरच्या दिवशी तोच आरओ ९० दाखवतो, मशीन मुकाट चालते, पण कॉफी चपटी अन् जराशी खारट लागते. आरओवाला म्हणतो टीडीएस कंट्रोलर (आरओच्या पाण्यात थोडं न गाळलेलं पाणी मिसळायची सोय) फिरवून कायम १५० वर ठेवून देतो, यूट्यूबवालेपण १५० च सांगतात, आणि तुम्ही विचारताय की ते करू की तीन हजारांची मिनरल कार्ट्रिज घेऊ.

दोन्ही नका करू भाऊ. कंट्रोलर पूर्ण बंद करा, आरओला फक्त नळाचं पाणी द्या, ते १५ टीडीएसचं पाणी वीस लिटरच्या जारमध्ये भरा आणि त्यात २ ग्रॅम खाण्याच्या ग्रेडचं पोटॅशियम बायकार्बोनेट टाका. बस. घाई असेल तर इथंच वाचणं थांबवलं तरी चालेल. पण तुम्ही जो निष्कर्ष काढलाय ना, की बोअरचं पाणी मशीनला सूट होतं, तो माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच लोकांनी काढलेला असतो, आणि त्यातल्या काहींच्या बॉयलरच्या जोडांवर हिरवट-निळे डाग घेऊनच ते येतात, म्हणून कारण नीट सांगतो.

माझं मूळ काम आरओ अन् गावातल्या पाण्याच्या प्लांटचं. परतवाडा-अमरावतीकडे कॅफे निघायला लागले, चिखलदऱ्याच्या हॉटेलांनी मशीन घेतल्या, तशा त्या मशीनपण हातात यायला लागल्या, कारण त्यांचा निम्मा आजार पाण्याचाच असतो. त्यामुळे मी कॉफीकडे पाण्याच्या बाजूनं बघतो, चवीतले माझ्यापेक्षा जाणकार खूप आहेत.

आधी तुमची मशीन पाणी का घेत राहते ते बघू. बॉयलरमध्ये वरून एक धातूची काडी सोडलेली असते, तिला प्रोब म्हणतात. पाणी काडीला टेकलं की काडीतून पाण्यात अन् पाण्यातून बॉयलरच्या अंगात बारीकसा करंट जातो, आणि बोर्डाला कळतं की पातळी झाली, पंप बंद कर. आता पाण्यात क्षारच नसतील तर हा करंट नीट जात नाही. काडी पाण्यात बुडालेली असते तरी बोर्ड समजतो बॉयलर रिकामाच आहे, मग तो पंप चालूच ठेवतो, बॉयलर गळ्यापर्यंत भरतो आणि वाफेच्या जागी पाणी येतं. १५ टीडीएसच्या पाण्यावर बऱ्याच मशीनचं असं होतं. ९० वर होत नाही, कारण करंट जायला तेवढे क्षार पुरतात. पण कोणते क्षार आहेत याच्याशी प्रोबला काही घेणंदेणं नाही, मीठ असलं तरी तो खूश. मशीन चालली याचा अर्थ एवढाच की पाण्यातून वीज जाते.

एक शंका मात्र राहते. मशीन सेकंडहँड आहे, प्रोबवर जुना पांढरा थर बसला असेल तरी हेच लक्षण दिसतं. फक्त कमी टीडीएसच्या दिवशी होत असेल तर पाणी, आणि अधूनमधून बोअरच्या दिवशीपण होत असेल तर प्रोब काढून साफ करून घ्या. मशीन थंड करून, वायर काढून, मगच.

आता टीडीएसचं. काट्यावर पोतं ठेवलं तर वजन कळतं, आत तूर आहे की सरकी ते काटा सांगत नाही, मीटरचं तसंच आहे. तो खरं तर वजनपण करत नाही, पाण्यातून वीज किती जाते ते मोजतो अन् एका ठरलेल्या आकड्यानं गुणून टीडीएस दाखवतो. त्याच पाण्याला दोन कंपन्यांचे मीटर वेगळे आकडे दाखवतात ते यामुळे, कोणी ०.५ नं गुणतो कोणी ०.७ नं.

यूट्यूबवरचा १५० कुठून येतो? स्पेशालिटी कॉफी असोसिएशनच्या जुन्या स्टँडर्डमधून. त्यात टीडीएस ७५ ते २५० मध्ये, लक्ष्य १५०, असं होतं. पण त्याच कागदावर पुढच्या ओळीपण होत्या: कॅल्शियमचा हार्डनेस ६८ च्या आसपास, अल्कलिनिटी ४० च्या आसपास, सोडियम १० च्या आसपास, पीएच ७, क्लोरीन अजिबात नको. लोक पहिली ओळ घेतात अन् बाकीचा कागद फेकून देतात. (हार्डनेस अन् अल्कलिनिटीचे आकडे इथून पुढे सगळे मिलिग्रॅम प्रति लिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात, पाण्याच्या रिपोर्टवर असतात तसेच.) आणि तो कागद कपातली चव डोळ्यासमोर ठेवून बनलेला, तुमचा बॉयलर दहा वर्षं टिकावा म्हणून नाही.

मशीनसाठी मी तीन गोष्टी वेगवेगळ्या बघतो. हार्डनेस म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियम. अल्कलिनिटी म्हणजे मुख्यतः बायकार्बोनेट. आणि क्लोराइड. पहिल्या दोन्ही जास्त असल्या की पाणी तापल्यावर बायकार्बोनेट मोडतं, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा थर बसतो, चहाच्या पातेल्यात बसतो तोच. अल्कलिनिटी फार कमी झाली तर उलटं होतं, पाणी आंबटाकडे सरकतं अन् तांबं-पितळ हळूहळू खातं. क्लोराइड जास्त असलं तर थर नाही दिसत, पण स्टेनलेस स्टीलला टाचणीएवढी भोकं पडतात, पितळातलं जस्त निघून जातं अन् ते गुलाबी पडून ठिसूळ होतं, जोडांतून गळायला लागतं. थर निदान दिसतो तरी, अन् काढताही येतो. क्लोराइडनं खाल्लेलं काही परत येत नाही.

इथं आपला विदर्भ दोन तऱ्हेचा आहे आणि बाहेरचा सल्ला इथं गडबडतो तो यामुळेच. यवतमाळ-वर्ध्याकडच्या काळ्या दगडातल्या विहिरीचं पाणी बहुतेक करून कॅल्शियम-मॅग्नेशियम-बायकार्बोनेटचं असतं. जड पाणी, डाळ शिजायला वेळ, साबणाला फेस नाही, बादलीला पांढरे ओघळ. आणि पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाण्यात पसरलेला आपला खारपाणपट्टा, तिथं गाळाचे जाड थर, निचरा नाही, बोअरचं पाणी सोडियम अन् क्लोराइडनं भरलेलं.

आता दोन्हीकडे तोच कंट्रोलर फिरवून बघू. हे आकडे समजण्यापुरते धरा. यवतमाळकडची विहीर: टीडीएस ६००, हार्डनेस ३५०, अल्कलिनिटी ३२०, क्लोराइड ४०. आरओचं ३० टीडीएसचं पाणी कंट्रोलरनं १०० वर नेलं तर त्यात साधारण १२ टक्के विहिरीचं पाणी गेलं. म्हणजे हार्डनेस ४२, अल्कलिनिटी ३८, क्लोराइड पाचच्या आसपास. एस्प्रेसोला हे पाणी फार छान आहे, वेगळं मिनरल टाकायची गरजच नाही! तिकडच्या माणसाला मीपण सांगीन की विहीर स्वच्छ असेल, नायट्रेट-फ्लोराइडचा रिपोर्ट बरा असेल, तर कंट्रोलर वापर.

तुमच्याकडचा बोअर: टीडीएस १८००, क्लोराइड ६०० धरू. मेम्ब्रेनचा, म्हणजे आरओतल्या क्षार अडवणाऱ्या पडद्याचा, एक गुण लक्षात घ्या, ती कॅल्शियम-मॅग्नेशियम नीट अडवते पण सोडियम अन् क्लोराइड तिच्यातून त्यामानानं जास्त निसटतात. त्यामुळे तुमच्या आरओतून येणारं ९० टीडीएस म्हणजे बहुतांश मीठच, क्लोराइड चाळीस-पंचेचाळीस सहज असेल. कॉफी खारट-चपटी लागते ती त्यामुळे. त्यावर कंट्रोलरनं साडेतीन टक्के बोअर मिसळलं की मीटर १५० दाखवेल, आरओवाला खूश, यूट्यूब खूश, आणि क्लोराइड ६५ च्या घरात. मशीनसाठी मी ते ३० च्या खाली ठेवायला सांगतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइड २५० पर्यंत स्वीकार्य आहे, दुसरा स्रोतच नसेल तर १००० पर्यंत चालवून घेतात, म्हणून "आम्ही तर हेच पितो" हा हिशोब बॉयलरला लागू नाही.

आणि ६५ हा आकडा फक्त डब्यातला. बॉयलरमधून वाफ जाते तेव्हा निव्वळ पाणी जातं, क्षार मागे राहतात. दीड लिटरचा बॉयलर असेल अन् रोज दुधासाठी शंभर-दीडशे मिली पाण्याची वाफ जात असेल तर दहा-पंधरा दिवसांत बॉयलरभर पाणी वाफेत गेलं, म्हणजे आतली तीव्रता दुप्पट. महिन्याभरात तिप्पट. हीट एक्स्चेंजरमध्ये कॉफीचं पाणी वेगळ्या नळीतून ताजं जातं म्हणून चवीत हे कळत नाही, बॉयलर मात्र ते खारं पाणी उकळवत बसतो. म्हणून पाणी कितीही चांगलं असलं तरी गरम पाण्याच्या तोटीतून आठवड्याला एकदा अर्धा लिटर काढून टाकत जा. भांडी घासायला वापरा, वाया जात नाही.

कंट्रोलरबद्दल अजून एक, हे कॉफीच्या पलीकडचं आहे. त्यातून जे पाणी येतं ते मेम्ब्रेनला वळसा घालून येतं. यूव्हीनं जंतू मरतील, पण नायट्रेट, फ्लोराइड त्यानं हलत नाहीत. शेतालगतच्या बोअरमध्ये खतांचं नायट्रेट असतं, यवतमाळ-चंद्रपूरच्या काही गावांत फ्लोराइड आहे. तुमच्या बोअरचा रिपोर्ट हातात नसताना घरच्या पोराबाळांसाठीसुद्धा मी तो कंट्रोलर बंदच ठेवीन.

मिनरल कार्ट्रिजचं काय, तर तिच्यात बहुतेक करून चुनखडीचे दाणे असतात, कधी मॅग्नेशियमचे. आरओचं पाणी थोडं आंबटसर असतं ते त्यावरून जाताना थोडी चुनखडी विरघळवतं. थोडी म्हणजे किती, ते पाणी किती वेळ आत थांबलं, दाणे किती झिजले, त्यावर ठरतं. रात्रभर थांबलेलं पाणी सकाळी एक आकडा देईल, दुपारी सलग काढलेलं दुसरा. त्यात ती घालते नेमकं कॅल्शियम अन् बायकार्बोनेट, म्हणजे थराचंच सामान. प्यायला ठीक आहे, चव बरी लागते. मशीनसाठी मला पाणी रोज सारखं लागतं, म्हणून नको.

सॉफ्टनर लावू का असं कोणीतरी सुचवेलच. तो कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम टाकतो. थर बसणार नाही, खरं आहे, पण क्लोराइड जसंच्या तसं, अल्कलिनिटी जशीच्या तशी, सोडियम वर अजून. खारपाणपट्ट्यात त्याचा काय उपयोग. डब्यात टाकायच्या त्या छोट्या पिशव्या अन् पाण्याच्या जगमध्ये बसणारे फिल्टर शहरातल्या बऱ्या पाण्यासाठी आहेत, आपल्या बोअरवर लवकर संपतात आणि क्लोराइड त्यांनाही काढता येत नाही.

तर मग करायचं काय.

पहिलं काम टाकीचं. बोअर अन् नळ एकाच टाकीत पडतात म्हणून तुमचा आरओ कधी १५ कधी ९० दाखवतोय, आरओ बिघडलेला नाही. धरणाचं पाणी त्या बोअरच्या मानानं खूपच हलकं. नळ आला की शंभर-दोनशे लिटरचा एक स्वच्छ झाकणाचा ड्रम वेगळा भरून ठेवा आणि आरओची लाइन त्या ड्रमला जोडून घ्या, प्लंबरचं छोटं काम आहे. ड्रम उंचावर नसेल तर पंपाला पाणी ओढता येईल ना तेवढं आरओवाल्याला विचारून घ्या. तेही जमत नसेल तर नळाच्या दिवशी टाकीत निव्वळ नळाचं पाणी असताना मशीनपुरता जार भरून घ्या. घरगुती आरओ तासाला दहा-पंधरा लिटर देतो, आणि दोन-तीन माणसांची कॉफी धरून मशीन दिवसाला दोन लिटरच्या वर क्वचितच पिते, म्हणजे एक जार आठवडा सहज ओढतो. भरायच्या आधी आरओची स्टोरेज टंकी एकदा रिकामी करा, नाहीतर कालचं बोअरचं पाणी त्यात असतंच. आणि आरओ काही तास बंद असला की पहिला ग्लासभर पाण्याचा टीडीएस नेहमी जास्त येतो, ते सोडून द्या, मग मोजा.

नळाच्या पाण्यात ग्रामपंचायत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकते. टाकलीच पाहिजे. पण क्लोरीन मेम्ब्रेनला मारतं, रबराच्या रिंगांनाही त्रास देतं. म्हणून आरओच्या आधीचा कार्बन फिल्टर वेळेवर बदला, पाण्याला टीसीएलचा वास जास्त येतो त्या दिवशी जार भरू नका. पावसाळ्यात गढूळ पाणी आलं की सेडिमेंटची कांडी महिन्यातच तपकिरी होते, ती स्वस्त आहे, कंजुषी कायले करता.

दुसरं काम, पाण्यात परत काहीतरी टाकायचं. १५ टीडीएसचं पाणी तसंच वापरलं तर प्रोब आंधळा, आणि अल्कलिनिटी नसल्यानं तांब्याला धोका. पोटॅशियम बायकार्बोनेट लिटरला १०० मिलिग्रॅम टाकलं की अल्कलिनिटी बरोबर ५० नं वाढते. कॅल्शियम शून्याजवळ, म्हणून थर बसायला काही नाही. क्लोराइड नाही. प्रोबला लागणारी वीज त्यातून जाते. वीस लिटरला २ ग्रॅम असं जे वर सांगितलं ते हेच.

२ ग्रॅम मोजायला सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅमचा छोटा काटा ऑनलाइन मिळतो. तो नसेल अन् कॉफीचा ०.१ ग्रॅमचा काटा असेल तर १० ग्रॅम मोजून एक लिटर आरओच्या पाण्यात विरघळवा, बाटलीवर नाव लिहून फ्रिजमध्ये ठेवा, आणि जारला त्यातलं २०० मिली टाका. दहा ग्रॅम मोजताना एखाद-दुसरा पॉइंट इकडे-तिकडे झाला तर काही बिघडत नाही, दोन ग्रॅममध्ये मात्र बिघडतं. पाणी तापवून विरघळवू नका, बायकार्बोनेट तापल्यावर कार्बोनेट होतं. साधं हलवलं तरी विरघळतं.

पोटॅशियमवालं मिळेपर्यंत खाण्याचा सोडा चालेल, वीस लिटरला १.७ ग्रॅम. त्यानं सोडियम लिटरला २३ मिलिग्रॅम वाढतं, फार नाही, पण आपल्याकडे सोडियमची ददात नाहीच, म्हणून मी पोटॅशियम पसंत करतो. बेकिंग पावडर नाही, धुण्याचा सोडा नाही, पापडखार तर अजिबात नाही. आणि पोटॅशियम बायकार्बोनेट भुरीवर फवारायलाही वापरतात, कृषी केंद्रात दिसलं म्हणून ते आणू नका, पाकिटावर खाद्य ग्रेड लिहिलेलं पाहिजे. पोटॅशियम लिटरला चाळीस मिलिग्रॅमसुद्धा होत नाही, दोन कप कॉफीत नगण्य, तरी घरात किडनीचा पेशंट असेल अन् डॉक्टरांनी पोटॅशियम बंद केलं असेल तर त्यांना विचारूनच.

चवीचं बोलायचं तर नुसत्या बायकार्बोनेटच्या पाण्याची कॉफी काहींना जरा मऊ, सपक लागते. तुम्ही दूध घालून, डार्क रोस्ट पीत असाल तर फरक कळणार नाही, पुढचा खटाटोप सोडा. हलक्या भाजणीची, चिकमंगळूरची किंवा आपल्या चिखलदऱ्याची कॉफी काळी पीत असाल तर मॅग्नेशियम टाकून बघा. कपाशीवर लाल्या आला की फवारतो तेच मॅग्नेशियम सल्फेट, फक्त पोत्यातलं नाही, खाद्य किंवा औषधी ग्रेडचं. वीस लिटरला २.५ ग्रॅम टाकलं की हार्डनेस ५० च्या आसपास येतो. मी सुरुवात निम्म्यापासून करतो. बायकार्बोनेट अन् हे यांचं घट्ट द्रावण एकाच बाटलीत मिसळून ठेवू नका, खाली पांढरं बसेल, दोन बाटल्या वेगळ्या, जारमध्ये एकत्र आले तर चालतात.

म्हणजे आतापर्यंतचं एवढं: बोअर मशीनपासून दूर, कंट्रोलर बंद, नळाचं आरओ, जारला २ ग्रॅम, आणि मॅग्नेशियम फक्त जिभेला हवं असेल तर.

नीट झालंय की नाही ते तपासायचं कसं? मीटरवर टाकण्याआधीचा अन् नंतरचा आकडा बघा, साधारण साठनं वाढेल, काही मीटरवर ऐंशीपर्यंत. त्याहून पक्कं हवं असेल तर मासे पाळणारे अल्कलिनिटी मोजायला वापरतात ती केएचची थेंबांची बाटली घ्या, अमरावती-अकोल्याच्या ॲक्वेरियमच्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. पाच मिली पाण्यात एकेक थेंब टाकायचा, एक थेंब म्हणजे अल्कलिनिटी १७.८. तिसऱ्या थेंबाला रंग बदलला म्हणजे आपण पन्नासच्या जवळ. चौथ्याला बदलला तरी झोप उडवून घेऊ नका.

क्लोराइड मात्र यातून कळत नाही, आणि तुमच्या बाबतीत तोच आकडा मोठा. जलजीवन मिशनमध्ये ग्रामपंचायतींना पाणी तपासायचं फील्ड टेस्ट किट दिलंय, गावातल्या बायकांना शिकवलंयसुद्धा, जलसुरक्षकाला विचारलं तर ते कुठल्या कपाटात आहे ते कळेल. त्यात क्लोराइड, हार्डनेस, अल्कलिनिटी, नायट्रेट, फ्लोराइड सगळं अंदाजे बघता येतं. पक्का रिपोर्ट पाहिजे तर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत नमुना द्या. बोअर, नळ अन् आरओ, तिन्हीचे वेगळे नमुने. उन्हाळ्यात पातळी खाली गेली की बोअर अजून खारा होतो, म्हणून जमलं तर एप्रिल-मेचा नमुना द्या, तो सगळ्यात वाईट दिवस दाखवतो.

नळ पंधरा-पंधरा दिवस आलाच नाही तर? गावातल्या प्लांटचा जार आणा, पण मीटर सोबत न्या. प्लांटही बोअरवरच चालतो, मेम्ब्रेन जुनी झाली की तोही शंभर-दीडशे देतो अन् आपल्याकडे ते मीठच असतं. वीस-तीसच्या आत असेल तर घ्या, वरचाच हिशोब लावा. पावसाचं पाणी क्षारांच्या बाबतीत झकास असतं, पहिले एक-दोन पाऊस सोडून स्वच्छ छतावरचं धरलं, गाळलं, आरओ-यूव्हीतून काढलं तर चालतं. बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर मात्र नको, ते खाण्यासाठी बनवलेलंच नसतं. एसीतून टपकणारं पाणी वापरू का असं एकानं मला खरंच विचारलं होतं, तेपण नाही राजेहो.

राहिलं तुमच्या मशीनचं आधीचं आयुष्य. पुण्यात तिनं कोणतं पाणी पिलं आपल्याला माहीत नाही. प्रोब काढाल तेव्हा त्या भोकातून टॉर्च मारून आत बघा. भिंतीवर पातळ पांढरी झाक असेल तर लिंबूसत्व, लिटरला वीस-तीस ग्रॅम, बॉयलरमध्ये घेऊन अर्धा तास, मग चव अन् वास जाईपर्यंत साध्या पाण्यानं धुणं. बॉयलर अ‍ॅल्युमिनियमचा असता तर मी हे सांगितलं नसतं, तांब्याचा आहे म्हणून सांगतोय. व्हिनेगर नको, वास महिनाभर जात नाही. पण आत अंड्याच्या टरफलासारखे जाड पापुद्रे दिसले तर घरी हात लावू नका, ते अर्धवट सुटून वाल्व्हमध्ये अन् बारीक जेटमध्ये अडकतात आणि मग मशीन पूर्ण खोलावी लागते. आणि पांढरं काहीच नाही पण जोडांजवळ हिरवं-निळं किंवा पितळ गुलाबी दिसलं तर ॲसिड टाकूच नका, तो थर नाही, गंज आहे, आधी कोणाकडून तरी उघडून दाखवा.

तिन्ही पाण्यांचे आकडे अन् त्या टॉर्चच्या उजेडातला एक फोटो टाका. क्लोराइड आरओनंतरही तीसच्या वर निघालं तर २ ग्रॅमचा हिशोब तोच राहील, पण मग मेम्ब्रेन बदलायची की पाण्याचा स्रोत, ते बघावं लागेल.